जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसरं इंजिन बसवता येतं का? ई-२० पेट्रोल, आरटीओ आणि ‘कलम ५२’ यांचं गणित नेमकं काय आहे?

बारामती तालुक्यातलं सोमेश्वरनगर. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस आणि त्या उसावर उभा राहिलेला सोमेश्वर सहकारी साखर कारखाना, ही या गावाची ओळख. हंगाम सुरू झाला की निंबुत, वाघळवाडी, करंजे या भागातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. पूर्वी या उसाची फक्त साखर व्हायची. आता राज्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथेनॉल बनतं, ते तेल कंपन्यांकडे जातं आणि पेट्रोलमध्ये मिसळून पुन्हा याच भागातल्या पंपावर येतं.

आता समजा, याच भागातल्या एका घरी शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार उभी आहे. वडिलांनी हौसेनं घेतलेली. इंजिन धूर मारतंय, पार्ट मिळत नाहीत. त्यात ‘ई-२० मुळे जुन्या गाड्यांची वाट लागते’ असे व्हिडिओ मोबाइलवर रोज येतायत. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘त्यात दुसरं इंजिन टाक, विषय संपला.’

पण विषय तिथं संपत नाही, तिथून सुरू होतो. इंजिन बसवण्याचं काम गॅरेजमध्ये होतं. ते बसवलेलं चालणार की नाही, हे मात्र आरसी बुकात ठरतं.

मुळात ही वेळ येते कशामुळे?

महाराष्ट्र-गोवा पट्ट्यातलं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ‘सॅन स्टॉर्म’. १९९० च्या दशकाच्या शेवटी गोव्यात तयार व्हायला लागलेली ही फायबरग्लास बॉडीची, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी. भारतात बनलेल्या मोजक्या स्पोर्ट्स कारपैकी एक. तिच्यात इंजिन होतं रेनॉचं, १.२ लिटरचं पेट्रोल. गाडी दिसायला स्पोर्ट्स कार, पण ताकद साधारण छोट्या हॅचबॅकएवढी.

अशी गाडी थोड्याच संख्येनं बनते. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांनी तिचे इंजिनचे पार्ट शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. मारुतीचा पिस्टन तालुक्याच्या दुकानात मिळतो, याचा मिळत नाही. म्हणून मालकाच्या डोक्यात सहज मिळणारं इंजिन घालायचा विचार येतो. त्यात थोडी जास्त ताकद मिळाली तर हवीच असते.

दुसरं कारण आहे इंधन. देशभर आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल विकलं जातं. २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं. ते अलीकडे आणलं गेलं आणि २०२५ मध्ये देशानं ते गाठलं. ‘ई-२० सोबत साध्या पेट्रोलचाही पर्याय द्या’ अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाला याच इंधनाशी जमवून घ्यायचं आहे.

ई-२० मुळे खरंच इंजिन बदलावं लागतं का?

थोडक्यात उत्तर, नाही. पण काही कामं करावी लागतात.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. त्यामुळे मायलेज पडतं. किती पडतं? इथेनॉल मिश्रणाचा आराखडा ठरवणाऱ्या नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात याचा अंदाज दिलेला आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट ६ ते ७ टक्के धरलेली आहे. म्हणजे १२ चं मायलेज देणारी गाडी ११.२ च्या आसपास देईल. खिशाला जाणवेल, पण एवढ्यासाठी कुणी इंजिन उतरवत नाही.

दुसरी अडचण रबराची. जुन्या गाड्यांच्या पेट्रोल पाइप, डायफ्राम, वॉशर, ओ-रिंग यांचं रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, कडक होतं, चिरतं. त्यातून पेट्रोल गळायला लागलं तर आगीचा धोका असतो, आणि फायबरग्लासच्या बॉडीत तर जास्तच. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या लोखंडी टाकीत त्यामुळे गंज धरतो.

तिसरी अडचण कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांची. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. इंजेक्शनवाल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर संगणक काही प्रमाणात मिश्रण जुळवून घेतो. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीएवढंच इंधन सोडतो आणि मिश्रण पातळ होतं. मग गाडी थंडीत लवकर चालू होत नाही, झटके देते, जास्त तापते. यावर उपाय म्हणजे जेट बदलून ट्यूनिंग करून घेणं.

म्हणजे पाइप, सील, फिल्टर, टाकीची सफाई आणि ट्यूनिंग, एवढ्यात ई-२० चा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. फक्त व्हिडिओ बघून इंजिन बदलायला निघालेल्यांनी आधी हा खर्च काढून बघायला हवा.

इंजिन बदललेल्या गाड्या याआधी झाल्या नाहीत का?

झाल्या, आणि काही तर जगात गाजल्या. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कॅरोल शेल्बीनं ब्रिटनच्या छोट्या ‘एसी एस’ गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि ‘कोब्रा’ जन्माला आली.

आपल्याकडेही कंपन्यांनी हे केलंय. १९८० च्या दशकात मुंबईच्या प्रीमियर कंपनीनं ‘११८ एनई’ आणली. बॉडी फियाट १२४ ची आणि इंजिन निस्सानचं. लोकांनी ती स्वीकारली. त्याच काळात मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं ‘स्टँडर्ड २०००’ आणली. बॉडी ब्रिटनच्या देखण्या रोव्हरची आणि आत जुन्या काळचं दोन लिटरचं व्हॅनगार्ड इंजिन. किंमत मोठी, दिसायला रुबाबदार, पण चालायला सुस्त आणि पेट्रोल पिणारी. काही वर्षांतच ती बंद पडली.

या उदाहरणांतून दोन गोष्टी कळतात. एक, इंजिन आणि गाडी यांचा मेळ बसला नाही तर नुसतं ‘बसलं’ म्हणून काही उपयोग नाही. आणि दोन, हे बदल कंपन्यांनी केले होते. कंपनी आपल्या मॉडेलची सरकारी चाचणी करून मंजुरी घेते. शेडमधल्या गाडीला ती सोय नसते. कायद्याची खरी मेख इथंच आहे.

कलम ५२ काय सांगतं?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा सरळ अर्थ असा, की मालकानं गाडीत असा कोणताही बदल करायचा नाही ज्यामुळे आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं मुळात ठरवलेला तपशील यांच्यात फरक पडेल.

आरसीवर काय काय असतं? इंजिन नंबर, चासी नंबर, इंधनाचा प्रकार, इंजिनची क्षमता सीसीमध्ये. आता १.२ लिटरच्या जागी १.६ लिटरचं इंजिन आलं की क्षमता बदलली. पेट्रोलच्या जागी डिझेल आलं की इंधन बदललं. दोन्हीही कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही आणि राज्याचे नियम या कलमाच्या वर जाऊ शकत नाहीत, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ मध्ये शिक्षा आली. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलासाठी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

मग कायदेशीर वाटा कोणत्या?

पहिली वाट, आहे तेच इंजिन बांधून घेणं. बोअर करणं किंवा नवे लायनर टाकणं, पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्हचं काम. इंजिन नंबर तोच राहतो, आरसीला हात लागत नाही. पार्ट मिळत नसतील तर मापाचा पिस्टन बनवून घेणं किंवा परदेशातून मागवणं महाग वाटेल, पण ‘स्वॅप’च्या एकूण खर्चाशी तुलना केल्यावर ते अनेकदा स्वस्त ठरतं.

दुसरी वाट, त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन टाकणं. इथं क्षमता आणि इंधन बदलत नाही, फक्त नंबर बदलतो. त्यासाठी आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. झालेल्या बदलाची माहिती १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला देण्याची तरतूद याच कलमात आहे. बारामतीच्या ‘एमएच-४२’ गाडीचा अर्ज तिथल्या कार्यालयाकडे जाईल. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमतीही आधी घ्यावी लागते.

इथं सगळ्यात मोठा प्रश्न असतो, हे दुसरं इंजिन आलं कुठून? भंगारात मिळालेल्या इंजिनचं बिल नसेल, नंबर घासलेला असेल, तर ते चोरीच्या गाडीचं असू शकतं. अशा वेळी प्रश्न आरटीओपुरता राहत नाही, पोलीस ठाण्यापर्यंत जातो. म्हणून पैसे देण्याआधी पक्कं बिल, ज्या गाडीतून इंजिन काढलं तिची कागदपत्रं आणि बाहेरदेशातून आलं असेल तर आयातीचे कागद हातात हवेत.

तिसरी वाट, मंजूर किट. इंधन किंवा ऊर्जेचा स्रोत बदलण्यासाठी कलम ५२ मध्येच सूट आहे. सीएनजी, एलपीजी आणि बॅटरीवर चालणारी गाडी यांची किट त्यात बसतात. अट एकच, किट अधिकृत संस्थेकडून मंजूर झालेलं हवं आणि ते अधिकृत ठिकाणीच बसवायला हवं. अशी चाचणी करणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यातच आहे. जुन्या गाडीला विजेवर आणण्याच्या किटसाठी ‘एआयएस-१२३’ हे मानक आहे. मात्र मंजुरी सरसकट सगळ्या गाड्यांना लागू होत नाही. आपल्या गाडीला ती लागू आहे का, हे मंजुरीच्या पत्रावर वाचूनच पैसे द्यायचे.

थोडक्यात विरोधाभास असा आहे, की जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं पेट्रोल इंजिन टाकणं कायद्याला चालत नाही, पण मंजूर किट असेल तर तीच गाडी विजेवर नेणं चालतं.

‘व्हिंटेज’ नोंदणी केली तर सुटका होते का?

उलट अडकायला होतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं येतात आणि नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आहे. पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी यात बसत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

म्हणजे ज्यांच्याकडे पन्नाशी गाठलेली किंवा गाठायला आलेली गाडी आहे, त्यांनी मूळ इंजिन भंगारात घालणं म्हणजे पुढचा हक्क आणि गाडीची किंमत दोन्ही घालवणं.

अपघात झाला तर काय?

हा प्रश्न व्हिडिओत कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात महाग पडतो तो हाच.

विमा कंपनीनं पॉलिसी दिलेली असते ती आरसीवरच्या गाडीची. रस्त्यावर असते दुसरीच. इंजिन नंबर जुळला नाही की सर्व्हेअरच्या अहवालात ते येतं आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. अपघातात दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर त्याच्या भरपाईचा हक्क कायदा जपतो. पण पॉलिसीच्या अटी मोडल्याचं सिद्ध झालं तर ती रक्कम मालकाकडून वसूल होण्याची शक्यता राहते. उसाच्या ट्रॉलीशी रात्री झालेल्या एका धडकेत एखाद्या कुटुंबाची जमीन विकायची वेळ येऊ शकते. म्हणून मंजूर बदल झाला की आरसीपाठोपाठ विमा कंपनीलाही लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घेणं गरजेचं असतं.

परवानगी मिळाली, आता गॅरेजमध्ये काय बघायचं?

इंजिन विकत घेण्याआधी जुन्याची तपासणी. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं की आजार कळतो. अनेकदा रोग व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा असतो आणि शिक्षा पूर्ण इंजिनाला होते.

त्यानंतर मापं. नवं इंजिन बॉनेटखाली मावतं का, ऑइल चेंबर स्टिअरिंगला लागतं का, इंजिन माउंटिंग कुठं येणार, गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगचे बोल्ट जुळतात का. एकाच कंपनीचं नाव असलं म्हणून नट-बोल्ट एक नसतात. नाशिकमध्ये बनलेल्या महिंद्रा-रेनॉ लोगनमध्येही रेनॉची इंजिनं होती, पण ती स्टॉर्ममध्ये सरळ बसतील असं गृहीत धरणं धोक्याचं आहे, आणि क्षमता वेगळी असल्यानं कलम ५२ तिथंही आडवं येतंच.

मग येतं वायरिंग. नव्या काळच्या इंजिनाला स्वतःचा संगणक, सेन्सर, इंजेक्शनचा जास्त दाबाचा पेट्रोल पंप आणि किल्लीचं इमोबिलायझर लागतं. नुसतं इंजिन स्वस्तात मिळालं आणि त्याचा संगणक-वायरिंग मिळालं नाही, तर ते लोखंड शेडमध्येच पडून राहतं.

शेवटी ब्रेक. ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगानं धावणारी गाडी थांबवायला ५६ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते, कारण ती वेगाच्या वर्गानुसार वाढते. इंजिन वाढलं आणि ब्रेक तेच राहिले, तर वाढलेला वेग थांबवणार कोण? रेडिएटर, सस्पेन्शन, पुढच्या चाकांवरचा भार यांचंही तसंच.

आणखी कोणते खर्च लक्षात ठेवायचे?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क पाच हजारांवरून दहा हजार केलं. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा, आणि एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. तपासणीच्या वेळी इंजिन नंबर आरसीशी ताडून बघितला जातो. चोरून केलेला बदल बहुतेक वेळा तिथंच उघडा पडतो.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. ‘१५ वर्षं झाली की पेट्रोल गाडी बाद’ हा नियम दिल्ली-एनसीआरपुरता चर्चेत आला. महाराष्ट्रात तपासणीत पास झालेली, कर भरलेली जुनी गाडी चालवता येते.

मग सोमेश्वरनगरच्या त्या गाडीचं काय करायचं?

या भागात कारागिरांची कमतरता नाही. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या रिक्षा आणि स्कूटर बनतात, आणि हंगामात बंद पडलेला ट्रॅक्टर रातोरात चालू करून देणारे मिस्त्री गावोगावी आहेत. त्यामुळे ‘इंजिन बसेल का?’ याचं उत्तर इथं बहुतेक वेळा ‘बसेल’ असंच मिळणार.

म्हणून प्रश्नांचा क्रम बदलायला हवा. आधी कॉम्प्रेशन मोजायचं. मग पाइप-सील बदलून, ट्यूनिंग करून ई-२० वर गाडी चालवून बघायची. तरी भागलं नाही तर मूळ इंजिन बांधायचं. तेही शक्य नसेल तर त्याच प्रकारचं, बिलाचं इंजिन शोधायचं आणि पैसे देण्याआधी अर्ज घेऊन आरटीओत जायचं. विजेचं किट हवं असेल तर मंजुरीचं पत्र आधी बघायचं. आणि जुनं इंजिन काहीही झालं तरी ग्रीस लावून, गुंडाळून ठेवायचं.

उसाचं पेट्रोल आता मागं फिरणार नाही, हे सोमेश्वरनगरला वेगळं सांगायची गरज नाही. त्या पेट्रोलवर वडिलांची गाडी चालवता येते, आणि तीही आरसीवर लिहिलेल्या इंजिनासकट.